त्यागाची चिठ्ठी

आष्टा, ६ जानेवारी २०२५

प्रीती,

आशीर्वाद मनात कायमचे आहेत, ते घ्यायला तू येत नाहीस हा भाग वेगळा. माझा फोन तू उचलत नाहीस. अतिशयरावांना केला तर ते "सांगतो" म्हणतात आणि ठेवतात. जावई सभ्य माणूस, त्यांना किती वेळा कात्रीत धरायचं? म्हणून शेवटी कागद घेतला. माझं अक्षर तुला लागत नसेल तर त्यांच्याकडून वाचून घे.

दिवाळीच्या पाडव्याला तू घरातून गेलीस त्याला दोन महिने झाले. तू आईला जे बोललीस ते मी पुन्हा लिहीत नाही. "तुला मरायचीच हौस हाय तर खुशाल मर, मला बोलवू नका," असं जन्मदात्या आईला म्हणायचं? तुझ्या रागाला कारण होतं हे मला मान्य आहे. तिला कराडच्या डॉक्टरीणबाईंकडे तूच नेलंस. दोन वर्षं ती काही खाल्लं की पोट धरून बसत होती, पोट टम्म फुगायचं, मग फेऱ्या सुरू. लग्नकार्याला जायची बंद झाली होती. बाईंनी सरळ सांगितलं की पोटाला कुठला तरी एक पदार्थ सोसत नाही, तो शोधायला पाहिजे. दूधदुभतं, गहू, तूर, हरभरा, उडीद, शेंगदाणे, मिरची, वांगं, चहा, हे नऊ सहा आठवडे बंद करा. मग दर चार दिवसांनी एकेक परत आणा, वहीत लिहा, ज्यानं त्रास होईल तो चोर. आणि तिला बरं वाटलंही. चौथ्या आठवड्यात ती गच्चीवर जाऊन सांडगे वाळवत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण तुझ्या आईचा हट्ट तुला नवीन आहे का? भाद्रपदातल्या दशलक्षण पर्वात, उत्तम त्यागाच्या दिवशी तिनं मुनिमहाराजांपुढं नऊच्या नऊ पदार्थ आजीवन सोडले. तू पाडव्याला पहिला पदार्थ म्हणून गव्हाच्या चपात्या घेऊन आलीस, तिनं त्यांना हात लावला नाही आणि तुझं डोकं फिरलं. आता एकदा नियम घेतला म्हटल्यावर मी काय करणार? माझं ती ऐकत नाही.

तिचं वजन सदतीस किलो भरलं. एकदा ये आणि तिला समजाव, एवढंच मागणं.

तुझे अण्णा

आष्टा, २८ जानेवारी २०२५

प्रीती,

मागचं पत्र पोचलं असणार. उत्तर नाही. ठीक आहे, मी काही रोज पोस्टमनची वाट बघत दारात उभा राहत नाही. (राहतो. पण ते शेजारच्या अंजनाकाकूंना सांगू नकोस.)

आई सकाळी भात आणि मुगाचं पाणी घेते. दुपारी दुधी नाहीतर पडवळ. बास. आपल्यात कांदा, लसूण, बटाटा आधीच नाही, त्यातून हे नऊ गेले, मग उरतं काय? त्यातही हल्ली चार घास झाले की हात धुते. माझ्यासाठी मात्र चपात्या करते, वर शेंगदाण्याची चटणी कुटते, आणि मी जेवेपर्यंत समोर बसते. नको म्हटलं तर म्हणते, "आवं, तुमी कशाला उपाशी ऱ्हाताय? तुमी काय सोडलंय?" हे ती सरळ मनानं म्हणते की टोचून, ते मला कळत नाही. चाळीस वर्षं झाली लग्नाला, आणि हे कळत नाही.

गावातल्या बायका तिच्या पाया पडायला येतात. अंजनाकाकू परवा म्हणाल्या, "वैनी, तुमच्यावाणी आमास्नी ह्या जन्मात जमायचं न्हाई." आईनं पाय मागं ओढून घेतले. पर्वानंतर मंदिरात तिचा सत्कार झाला, त्याचा फोटो मी पुढच्या खोलीत लावलाय, तो काढा म्हणून ती तीनदा सांगून झाली. मी म्हटलं, असू दे, आलेल्या-गेलेल्यांना दिसतो. मंदिरात बावीस वर्षं माइक माझ्याकडं आहे. पर्वात कुणी काय सोडलं त्या चिठ्ठ्या मीच वाचतो. घरचा फोटो एखादा असला तर काय बिघडलं? आणि चिठ्ठी तिनं लिहिली की मी, हा आता प्रश्नच नाही.

गेल्या मंगळवारी तिला घेऊन कराडला गेलो होतो. डॉक्टरीणबाई भडकल्या. म्हणाल्या, "नवांतला एखादाच दोषी असतो. बाकी आठांना जन्मठेप कुणी दिली?" मी म्हटलं, धर्माचा विषय आहे. त्या म्हणाल्या, माझा पोटाचा आहे. वजन पस्तीस.

परत येताना स्टँडवर बसलो होतो. आईनं विचारलं, "हितनं प्रीतीच्या घरला रिक्षाला किती वेळ लागतो?" मी म्हटलं, एसटी लागली, चल. एसटी लागायला अजून वीस मिनिटं होती. मला तुझ्या दारात उभं राहायचं नव्हतं, एवढंच. तू आम्हा दोघांना समोरासमोर बसवून विचारशील अशी भीती वाटली.

काय विचारशील ते पुन्हा कधीतरी.

अण्णा

आष्टा, १५ फेब्रुवारी २०२५

प्रीती,

आज खोटं लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. त्यामुळं पहिली ओळ लिहायलाच तास गेला.

आईच्या चिठ्ठीवर "आजीवन" नव्हतं. तिनं तिच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: डॉक्टरांच्या सल्ल्याने नऊ पदार्थ, सहा आठवडे. त्या दिवशी मंडपात सहाशे माणसं होती. तिच्या आधीच्या चिठ्ठीत चौगुल्यांच्या सुनेनं तूप आजीवन सोडलं होतं, त्याच्या आधी एका म्हाताऱ्यानं मीठ. प्रत्येक नावाला जयजयकार. मग माझ्या हातात माझ्या बायकोची चिठ्ठी आली. पोट बिघडलंय म्हणून दीड महिना पथ्य! ते त्या माइकवरून वाचायचं? लोक तोंडावर काही म्हणाले नसते, पण परत जाताना हसले असते. बावीस वर्षं दुसऱ्यांचे त्याग वाचून दाखवणाऱ्या धनपालच्या घरात हेच का, असं म्हणाले असते. मी नऊ नावं एकेक करून, चांगली खणखणीत वाचली आणि शेवटी "आजीवन" म्हणालो. तो शब्द मी विचार करून म्हणालो, तोंडातून निसटला नाही.

आई चौथ्या रांगेत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. मग उठली, हात जोडले. महाराजांनी मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद दिला. एवढा जयजयकार त्या दिवशी दुसऱ्या कुणालाच झाला नाही, हे माझ्या लक्षात राहिलं, यावरून तुझा बाप कसा आहे ते ओळख.

घरी आल्यावर ती म्हणाली, "आवं, काय वाचलंत तुमी?" मी म्हटलं, बोलण्याच्या भरात गेलं. ती म्हणाली, "मग तितंच सांगायचं हुतं. आता मी म्हाराजांम्होरं हात जोडल्यात." झालं. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही, आणि मी आनंदानं गप्प बसलो.

पाडव्याला तू ओरडून विचारलंस, आजीवन सोडायला कुणी सांगितलं होतं? आठवतं? आईनं माझ्याकडं पाहिलं. मी तांब्या उचलून पाणी प्यायला लागलो. मग ती म्हणाली, "माझं मीच." आणि तू तिला ते मरणाचं बोललीस. ते बोलणं माझ्या वाट्याचं होतं. मी ते तिला घेऊ दिलं, वर तुला पत्रात आईचा हट्ट म्हणून लिहिलं.

पस्तीस किलोवरून ती तेहतीसवर आली तेव्हा मी महाराजांना गाठायचं ठरवलं. ते पायी विहार करत कर्नाटकच्या सीमेपलीकडं गेले होते. चौकशी करत तीन एसट्या बदलून गेलो. एका शाळेत उतरले होते. सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आजारी माणसाला असा नियम मी दिला नसता. तिनं जेवढं लिहिलं तेवढाच तिचा नियम होता, तो कधीच पुरा झाला. तिला सांगा, जेवायला मोकळी आहे. दोष तुमचा आहे, प्रायश्चित्त तुम्ही घ्या. ज्या सभेत वाचलं त्या सभेत उभं राहून खरं सांगा."

घरी येऊन आईला हे सांगितलं. मला वाटलं ती रडेल, चिडेल. ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली. म्हणाली, "सभेचं तुमचं तुमी बघा. मला सभा नगं. प्रीतीला लिवा. मी सांगितलं तर नवऱ्यावर ढकललं असं हुईल, तुमच्या हातानं जाऊ दे. तिला कळलं की मी जेवते." एवढंच मागितलं तिनं. म्हणून हे लिहिलं. सोमवारी सकाळी पोस्टात टाकतो.

अण्णा

आष्टा, ९ मार्च २०२५

प्रीती,

मागचं पत्र माझ्या कोटाच्या खिशात आहे.

पोस्टापर्यंत दोनदा गेलो. पहिल्यांदा भाऊसो भेटला, त्याच्याशी बोलत परत आलो. दुसऱ्यांदा कुणीच भेटलं नाही, तरी परत आलो. आईनं विचारलं, "टाकलं?" मी म्हटलं, टाकलं, रजिस्टरनं. इतक्या सहज बोललो की क्षणभर माझाच विश्वास बसला.

आणि प्रीती, ती जेवली! त्याच दिवशी. स्वतः कणीक मळली, एक चपाती केली, पाव चपाती मीठ लावून खाल्ली. डोळे मिटून चावत होती. वहीत मी लिहिलं: गहू, पहिला दिवस, त्रास नाही. चौथ्या दिवशी एक अख्खी चपाती. त्रास नाही. मग तूर. तुरीच्या आमटीचा वास घरात आला तेव्हा मला रडू आलं, मी मागच्या दारी जाऊन उभा राहिलो. तूरही निर्दोष. वजन अर्धा किलो वाढलं. डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, असंच हळूहळू चालवा, दूध सगळ्यात शेवटी.

तुझी खोली तिनं झाडून घेतली. गादीला ऊन दाखवलं. रोज विचारायची, "पोचलं असंल का वं?" मी म्हणायचो, पोस्टाचा कारभार, लागतो वेळ. आष्टा ते कराड किती लांब आहे ते तिला माझ्याइतकंच माहीत आहे. तरी ती मान हलवायची. दारात गाडी वाजली की हातातलं टाकून बाहेर यायची.

दहाव्या दिवशी तिनं विचारलं नाही. शेंगदाण्याचा पहिला दिवस होता, चार दाणे भाजून वाटीत दिले होते. तिनं वाटी माझ्याकडं सरकवली. "भूक न्हाई." मी म्हटलं, अगं, चारच आहेत. ती म्हणाली, "तिला समदं कळलं, तरी आली न्हाई. म्हंजी तिच्या मनातनं मी उतरले ती उतरलेच."

एक वाक्य पुरे होतं. खिशातला कागद काढून तिच्या हातात द्यायला किती वेळ लागतो? मी म्हटलं, "येईल गं, कामात असेल." असं म्हणून मी वाटीतले दाणे स्वतः खाल्ले.

का टाकत नाही हे विचारशील. पत्र वाचल्यावर तू मला परत अण्णा म्हणणार नाहीस, म्हणून. दुसरं कारण नाही, शोधून पाहिलं. सभेतही उभा राहिलो नाही. तीन रविवार गेले. माइक हातात होता, कार्यक्रमपत्रिका वाचली आणि खाली बसलो.

ती आता भाताला पण नको म्हणते. हेही पत्र मी टाकेन असं मला वाटत नाही. मग कुणासाठी लिहितोय कोण जाणे.

अण्णा

आष्टा, ११ एप्रिल २०२५

प्रीती,

सोबत दोन पत्रं आहेत, १५ फेब्रुवारीचं आणि ९ मार्चचं. आधी ती वाच, मग हे. या वेळी पोस्टात प्रियदर्शनीला बरोबर नेणार आहे, अंजनाकाकूंच्या सुनेला. तिला सांगितलंय, मी परत वळायला लागलो तर पाकीट माझ्या हातातून काढून घे आणि तू टाक. ती माझ्याकडं विचित्र नजरेनं बघत होती.

तू आलीस त्या दिवशी आईच्या पायाशी बसून म्हणालीस, "झाला ना गं तुझा हट्ट पुरा?" बायकांनी तुला धरलं. लोक माझ्या खांद्यावर हात ठेवत होते. मी तुझ्यापासून दोन हातांवर उभा होतो. तेव्हा सांगायला पाहिजे होतं, तिच्या देखत. निदान तिच्या देहासमोर तरी. नाही सांगितलं. तू तिसऱ्या दिवशी माझ्याशी न बोलता गेलीस आणि मला हायसं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

सांगलीच्या दवाखान्यातलं तुला काही माहीत नाही, कारण मी अतिशयरावांना "अशक्तपणा आहे, सलाइन लावलंय" एवढंच सांगितलं होतं. छातीत कफ भरला होता. डॉक्टर म्हणाले, तरुण माणूस यातून सहज उठतं, यांच्या अंगात झुंजायला काही शिल्लकच नाही. नाकातून नळी घातली. दूध सोसतं का, असं त्यांनी मला विचारलं. मला सांगता आलं नाही. सात महिने पथ्य झालं आणि चोर कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी ती शुद्धीवर होती. म्हणाली, "प्रीतीचं काय पत्र?" मला वाटलं, आता तरी हिला सुखानं राहू दे. म्हटलं, "आलंय. आजच आलंय." तिनं विचारलं, "काय लिवलंय? वाचा की." माझ्या खिशात औषधांची चिठ्ठी होती. ती काढून समोर धरली आणि वाचायला लागलो. आई, मला सगळं कळलं, तुझी काही चूक नव्हती, मी रविवारी येते.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुमी वाचताय तसं लिवल्यालं असतं व्हय कवा?"

मी कागद खाली केला. ती माझ्याकडं बघत होती, त्या दिवशी चौथ्या रांगेतून पाहिलं होतं तशी नाही, अगदी शांत. "तुमी टाकलंच न्हाई," ती म्हणाली. मी मान डोलावली. प्रीती, मला वाटलं ती शाप देईल. तिच्या तोंडावर हसू आलं. म्हणाली, "म्हंजी तिला म्हाईतच न्हाई. मग माझी पोरगी तशी न्हाई. मी उगंच तिला..." पुढं खोकला आला. माझ्याविषयी ती एक अक्षर बोलली नाही. त्या क्षणी तिला तूच हवी होतीस, आणि तू तिला परत मिळाली होतीस.

थोड्या वेळानं तिनं माझा हात ओढला. "भूक लागल्या," म्हणाली. "चपाती असंल तर द्या. नसंल तर काय बी द्या."

मी सिस्टरना बोलावलं. त्या म्हणाल्या, तोंडानं काही द्यायचं नाही, घास छातीत जाईल, उद्या डॉक्टर बघतील. मी हात जोडले. त्या म्हणाल्या, काका, हट्ट करू नका. आईनं ते ऐकलं नाही बहुतेक. ती खिडकीकडं बघत होती. जन्मात तिनं दिवस मावळल्यावर कधी घास घेतला नव्हता. "दिवस हाय अजून," ती म्हणाली. "मावळायच्या आत द्या."

मी "देतो, देतो" म्हणत तिच्या उशाशी बसून राहिलो. ती मधूनमधून खिडकी बघायची आणि माझ्याकडं बघायची. भिंतीवरचं ऊन गेलं, बाहेर दिवे लागले. मग तिनं मागायचं थांबवलं आणि ओठ मिटून घेतले, कारण आता दिलं असतं तरी तिनं खाल्लं नसतं. पहाटे ती गेली.

धनपाल